पाय न टेकतां उभा राहिलेला पूल

आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवाची मुंज यंदा वैशाखांत नागपुरास झाली. लेखक म्हातारा झाला, आतां तो घरगुती समारंभांचीं वर्णनें छापूं लागला, असें आमच्या नेहमींच्या वाचकांनीं मनांत आणूं नये. मुंजीचें वर्णन आम्हांस करावयाचें नाहीं. ती यथासांग झाली, आणि भिक्षावळींत मिळालेल्या चॉकलेटांचा हिशेब बटूनें गायत्रीमंत्रापेक्षां अधिक चोख ठेवला, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्या प्रवासांत पाहिलेल्या एका पुलाविषयीं, आणि तो पाहतांना आमच्या वहिनींनीं विचारलेल्या एका प्रश्नाविषयीं.

आमचें मूळ घर लातूरचें. थोरले बंधू आणि वहिनी त्याच घरीं राहतात. आम्ही शिक्षकाच्या नोकरीनिमित्त नांदेडास आलों आणि तेथेंच मुरलों. तुळजापुराहून निघून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, हदगांव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा असें करीत नागपुराकडे जाणारा हमरस्ता आतां चांगला रुंद झाला आहे. बंधूंनीं लातुराहून भाड्याची मोटार केली, नांदेडास आम्हां उभयतांस घेतलें, आणि आम्ही सर्व पुढें निघालों. ह्या वाटेवर गोदावरी लागते, पैनगंगा लागते, वर्धा लागते. नद्या निरनिराळ्या, पण पुलांची रीत एकच. पात्रांत खांबांची रांग उभी करावी, खांबांवर तुळया ठेवाव्या, तुळयांवर रस्ता घालावा. पूल म्हटला कीं लहानपणापासून आमच्या डोळ्यांपुढें हेंच चित्र येतें. नदी कितीही मोठी असली तरी उन्हाळ्यांत ती माणसाला आपल्या पात्रांत पाय टेकूं देते. आणि एकदां पाय टेकला म्हणजे पुढचें काम बरेंच सोपें होतें.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आपल्या आईवडिलांस, आमच्या कुटुंबास आणि आम्हांस शहर दाखविण्याकरितां बाहेर काढलें. तो व्यवसायानें इंजिनियर असून त्याची बरीच नोकरी पुलांच्या कामांवर गेली आहे. जयस्तंभ चौकांतून त्याची गाडी एका चढावर लागली आणि समोर एक उंच मनोरा दिसूं लागला. मनोऱ्याच्या वरच्या भागापासून दोन्ही अंगांस जाड तारा निघून, तिरप्या पण अगदीं सरळ रेषेंत, रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या. एखाद्या प्रचंड तंबूचें कापड काढून घ्यावें आणि नुसता खांब व ताणलेल्या दोऱ्या तेवढ्या ठेवाव्या, तसें तें दृश्य होतें. हाच नागपूरचा 'रामझुला'. त्याच्या एका टोंकास जयस्तंभ आणि किंग्जवे. दुसऱ्या टोंकास मेयो रुग्णालय, पोद्दारेश्वर राममंदिर आणि सेंट्रल ॲव्हेन्यू. आणि दोहोंच्या मध्यें, खालीं, नागपूर स्टेशनचें यार्ड.

नागपूर स्टेशनची दगडी इमारत १९२५ सालची. मुंबईहून हावड्यास जाणारा आणि दिल्लीहून चेन्नईस जाणारा, असे देशांतील दोन थोर लोहमार्ग ह्याच गांवीं एकमेकांस भेटतात. पूर्वीं ह्या जागीं यार्ड ओलांडण्यास इंग्रजी अमदानींतील एक अरुंद पूल होता. शहर वाढलें, वाहनें वाढलीं, पूल मात्र होता तेवढाच राहिला आणि वर जीर्ण झाला. त्याच्या शेजारीं नव्या पुलाची पहिली बाजू २०१४ सालीं वाहतुकीस खुली झाली. दुसरी बाजू त्यानंतर कांहीं वर्षांनीं झाली. नांवांत 'झुला' असला तरी हा झुलता पूल नव्हे. हृषीकेशचा रामझुला वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. त्यांत एका मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत दोर हारासारखा लोंबत असतो आणि त्या दोराला रस्ता टांगलेला असतो. येथें तसा लोंबता दोर नाहीं. येथें प्रत्येक तार मनोऱ्यापासून निघते ती थेट रस्त्याला जाऊन धरते.

पुतण्यानें पूल ओलांडून गाडी खालीं एका बाजूस उभी केली आणि जेथून पूल व यार्ड दोन्ही दिसतात अशा जागीं आम्हांस नेलें. मग त्यानें आम्हांस विचारलें, "काका, यार्डाच्या वर ह्याला मधले खांब नाहींत. कां बरें?"

पस्तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत गेल्यामुळें कोणी आपणांस प्रश्न विचारला कीं आम्ही थोडे गडबडतों. "शोभेसाठीं," असें आम्हीं उत्तर दिलें. पुतण्या हंसला. त्यानें खालीं बोट दाखविलें. रुळांशेजारीं रूळ, रुळांना फुटलेले रुळांचे फांटे, एका बाजूस उभ्या असलेल्या मालगाडीच्या वाघिणी, आणि मधूनच शिटी देत जाणारें इंजिन. "आतां सांगा, खांब कोठें उभा करूं?"

त्यानें सांगितलें तें आम्ही आमच्या शब्दांत देतों. दोन रुळांमधली जागा इतकी थोडी असते कीं तेथें खांबाचा पाया खणावयाचा म्हणजे रूळ उचलावे लागतात. रूळ उचलावे तर गाड्या थांबवाव्या लागतात. रुळांच्या वर पंचवीस हजार व्होल्ट दाबाची विजेची तार असते. तिच्याजवळ काम करावयाचें तर वीज बंद करून घ्यावी लागते. अशा कामासाठीं रेल्वे थोड्या तासांची मुदत देते. तिला 'ब्लॉक' म्हणतात. मुदत सरण्यापूर्वीं सारा पसारा आवरून माणसांना बाहेर पडावें लागतें, कारण पुढची गाडी येऊन उभीच असते. नदीला उन्हाळा असतो. यार्डाला उन्हाळा नाहीं.

"चार दिवस गाड्या थांबविल्या तर काय बिघडलें?" असें आम्हीं एके काळीं म्हटलेंही असतें. पण लातूरच्या माणसाला तसें म्हणण्याचा अधिकार उरलेला नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहराचें पाणी आटलें, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा टाक्यांच्या वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली. 'जलदूत' हें तिचें नांव. ज्या यार्डांकडे आम्ही धूर, काजळी आणि गोंगाट ह्यांचें घर म्हणून पाहत आलों होतों, त्यांतून वाट काढीत आमच्या गांवचें पाणी आलें. रुळांवरून काय जात आहे हें वरून जाणाऱ्याला दिसत नाहीं, म्हणून तें थोडा वेळ थांबलें तरी चालेल असें त्यानें समजूं नये. त्या उन्हाळ्यांत आमच्या लातूरच्या घरीं कोणत्या भांड्यांत किती पाणी आहे आणि तें कोणत्या कामाचें आहे, ह्याचा सर्व हिशेब एकट्या वहिनींच्या डोक्यांत असे. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडेल.

खालीं पाय टेकावयाचा नाहीं आणि ओझें तर पलीकडे न्यावयाचें, अशा अडचणींतून ह्या पुलाची युक्ति निघाली. ती कळण्यास कावड डोळ्यांपुढें आणावी. कावडवाल्याच्या खांद्यावर बांबू असतो. पुढें एक घागर, मागें एक घागर. पुढची घागर त्याला पुढें ओढते, मागची मागें ओढते, आणि दोन्ही ओढी सारख्या असल्या म्हणजे तो कोणीकडेच झुकत नाहीं. दोहोंचें वजन मात्र त्याच्या पायांतून सरळ जमिनींत उतरतें. पुलाचा मनोरा हा कावडवाला होय. एका अंगाच्या तारा यार्डावरचा रस्ता उचलून धरतात. दुसऱ्या अंगाच्या तारा मागील रस्त्याला धरून मनोऱ्याला मागें खेंचतात. सारें ओझें मनोऱ्यांतून खालीं जातें, आणि मनोरा उभा असतो तो रुळांपासून दूर, जेथें पाया घेण्यास जागा आहे तेथें.

तार तिरपी असल्यामुळें ती रस्त्याला नुसतें वर उचलीत नाहीं, मनोऱ्याकडे ओढतेही. म्हणून रस्ता दोन्ही अंगांनीं मनोऱ्याकडे दाबला जातो, आणि तो दाब सोसण्याइतका तो मजबूत असावा लागतो. असा पूल बांधतांनाही ही जोडी कामास येते. मनोऱ्यापासून आरंभ करून रस्त्याचा एक तुकडा पुढें जोडावा, तो तारेनें बांधावा, मग पुढचा तुकडा घ्यावा. खालीं परांचीचें रान उभें करावें लागत नाहीं. पुष्कळदां यार्डाकडचा हात लांब आणि मागचा हात आखूड ठेवावा लागतो. मग आखूड हाताला वजन अधिक द्यावें लागतें, किंवा त्याच्या तारा जमिनीशीं जखडाव्या लागतात. बंगालमध्यें बर्धमान स्टेशनच्या यार्डावर २०१९ सालीं असाच तारांचा पूल खुला झाला. त्याची तारांवरची लांबी सुमारें १८८ मीटर असून त्यांतला रुळांवरचा एकच गाळा सुमारें १२४ मीटरांचा आहे.

संस्कृतांत पुलाला 'सेतु' म्हणतात, आणि तो शब्द 'सि' म्हणजे बांधणें ह्या धातूपासून आला आहे. हें आम्ही वर्षानुवर्षें मुलांना सांगत आलों. पण दगडी कमानीचे आणि खांबांचे पूल पाहून त्यांत बांधणें तें कोणतें, अशी शंका मनांत राहून जात असे. नागपूरच्या यार्डाशीं उभें राहिल्यावर ती शंका फिटली. हा सेतु खरोखरीच बांधलेला आहे. दोऱ्या सोडल्या तर त्यांत पूल म्हणावें असें कांहीं उरत नाहीं.

युक्ति सोपी दिसली तरी ती माणसाच्या हातीं सुखासुखीं आलेली नाहीं. जर्मनींत नीनबुर्ग येथें साले नदीवर दोनशें वर्षांपूर्वीं अशाच तिरप्या साखळ्यांचा एक पूल बांधला होता. १८२५ च्या डिसेंबरांत तेथील ड्यूकच्या सन्मानार्थ त्यावर लोकांची गर्दी जमली असतां तो मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. कोणत्या साखळीवर किती ओढ बसते हें गणितानें नेमकें काढतां येत नव्हतें, आणि तेवढी ओढ सोसणारें पोलादही नव्हतें. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें ह्या तऱ्हेकडे इंजिनियरांनीं भीतभीतच पाहिलें. जर्मन इंजिनियर फ्रांट्स डिशिंगर ह्यांनीं आंखलेला, स्वीडनमधील स्ट्रोमसुंड येथील पूल १९५५ च्या सुमारास उभा राहिला, तेव्हां ह्या तऱ्हेला नवा जन्म मिळाला असें मानतात. आपल्याकडे कलकत्त्यास हुगळीवरील विद्यासागर सेतु १९९२ सालीं झाला. त्याचा मधला गाळा ४५७ मीटरांचा आहे. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतु २००९ सालचा. आणि मुंबईंतच रे रोड स्टेशनाजवळ रुळांवरचा जुना पूल काढून त्या जागीं केलेला तारांचा पूल २०२५ सालीं खुला झाला. जुन्या शहरांत रुळांवर पाय टेकण्यास जागा उरली नाहीं कीं इंजिनियर ह्याच युक्तीकडे वळतात.

हें सर्व पुतण्या उत्साहानें सांगत होता. बंधू मान डोलवीत होते. आमच्या कुटुंबाचें लक्ष संत्र्यांच्या गाड्यांकडे गेलें होतें. वहिनी एका कट्ट्यावर बसून मुकाट्यानें तारांकडे पाहत होत्या. मग त्या म्हणाल्या,

"काय रे, ह्या तारांना विचारतं कां कोणी, तुम्हांला किती ओढ बसते म्हणून?"

पुतण्याला प्रश्न फार आवडला. "विचारतात ना आई! वेळोवेळीं मोजावंच लागतं. प्रत्येक तारेच्या आंत पोलादाचे पुष्कळ पेड असतात. एकेक पेड सात बारीक तारा वळून केलेला. तार हलली कीं ती कितीदां थरथरते हें यंत्रानं मोजतात. तंबोऱ्यासारखंच आहे. ताण वाढला कीं स्वर चढतो, ढिला पडला कीं उतरतो. स्वरावरून ओढ कळते. एकीवर फार ओढ आली असं दिसलं तर तिचा भार शेजारणींवर वांटून देतात."

वहिनींनीं थोडा वेळ वर पाहिलें. "बरं आहे बाई," त्या म्हणाल्या. "त्यांना तरी विचारतात."

त्या हें रागानें म्हणाल्या नाहींत. पाऊस थांबला असें सांगावें तितक्या साध्या स्वरांत म्हणाल्या. पण बंधूंची मान डोलावयाची थांबली. पुतण्याचें पुढचें वाक्य तोंडांतच राहिलें. आम्ही चष्मा पुसूं लागलों. आम्ही असे गप्प कां झालों, हें सांगितल्यावांचून वाचकांस पुढचें कळणार नाहीं.

आमच्या लातूरच्या घरीं भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात. मराठवाड्यांतील घरांना ह्या तीन दिवसांचा अर्थ समजावून सांगावयास नको. मुखवटे, साड्या, फराळाच्या आराशी, सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक आणि पानावर बसणारीं साठ-सत्तर माणसें. आम्ही भाऊ, चुलतभाऊ, त्यांच्या सुना, मुलें, सर्व गांवोगांवाहून त्या दिवशीं सकाळीं येतों, जेवतों, "वहिनी, तुमच्या हाताची चव कोणाला येणें नाहीं" असें म्हणतों आणि दुसऱ्या दिवशीं आपापल्या गांवीं जातों. चाळीस वर्षें हें असेंच चाललें होतें. मध्यंतरीं सासूबाईंचें नऊ वर्षांचें अंथरूण, सासऱ्यांचें आजारपण, नणंदांचीं बाळंतपणें, पक्ष-पंधरवडे, आणि २०१६ सालचा तो पाण्याचा उन्हाळा, हें सर्व त्याच दोन हातांनीं पार पडलें. घर उभें होतें, म्हणून तें कशाच्या आधारावर उभें आहे हा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं.

गतवर्षीं महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीं, पंगत बसण्यास अर्धा तास असतां, वहिनी स्वयंपाकघरांत भिंतीला टेकून खालीं बसल्या त्या उठेनात. त्यांना दवाखान्यांत नेलें. दुखणें हृदयाचें होतें आणि तें आजचें नव्हतें. डॉक्टरांनीं विचारलें, "ह्यांना दम केव्हांपासून लागतो?" आम्ही अकरा माणसें दवाखान्याच्या ओट्यावर उभीं होतों. एकालाही उत्तर देतां आलें नाहीं. इकडे घरीं सोवळ्याचें पातळ कोठें आहे, नैवेद्याचीं पानें कितीं वाढावयाचीं, कुळाचाराची चांदीची वाटी कोणत्या डब्यांत आहे, हेंही कोणाला ठाऊक नव्हतें. वहिनी वांचल्या, ही देवाची कृपा. पण त्या दिवशीं आमचें चाळीस वर्षांचें 'भरलें घर' एका तासांत पोरकें झालेलें आम्हीं पाहिलें.

त्या रात्रीं नागपुरास पुतण्याला झोंप लागेना, आम्हांसही लागेना. आम्ही दोघे गच्चीवर जाऊन बसलों. थोड्या वेळानें तो म्हणाला, "काका, दुपारीं एका पुलाची गोष्ट मीं सांगितली नाहीं. आईसमोर सांगवली नाहीं."

ती गोष्ट इटलीमधील जिनोव्हा शहराची आहे. तेथें पोलचेव्हेरा नदी, तिच्या कांठचें रेल्वेचें यार्ड, घरें आणि वखारी ह्यांवरून जाणारा मोठा पूल १९६७ सालीं खुला झाला. तो बांधणाऱ्या रिकार्डो मोरांदी ह्यांच्या नांवानेंच तो ओळखला जाई. तोही तारांनीं तोललेला होता. पण त्यांत दोन गोष्टी निराळ्या होत्या. पहिली ही कीं प्रत्येक मनोऱ्याला पुष्कळ तारा नव्हत्या, जाडजूड अशा चारच होत्या. दुसरी ही कीं त्या तारा काँक्रीटच्या वेष्टनांत बंद केल्या होत्या. वेष्टन तारांचें गंजण्यापासून रक्षण करील अशी कल्पना होती. झालें तें उलट. वेष्टनाच्या आंत पोलाद हळूहळू गंजत गेलें आणि बाहेरून पाहणाऱ्याला तें दिसेना. एका मनोऱ्याच्या तारा खराब झाल्याचें १९९० नंतरच्या दशकांत लक्षांत आलें आणि त्यांना नवा आधार दिला गेला. दुसऱ्या मनोऱ्यांच्या तारांना तसा आधार मिळाला नाहीं. १४ ऑगस्ट २०१८ रोजीं, भर पावसांत, त्यांतला एक मनोरा त्याच्या रस्त्यासह कोसळला. चारांपैकीं एक गेल्यावर बाकीच्या तिघींना तो भार पेलणें शक्य नव्हतें. ४३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या जागीं दुसरा पूल २०२० सालीं झाला. गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत.

"आतां आम्ही पूल आंखतों," पुतण्या म्हणाला, "तेव्हां तारा पुष्कळ ठेवतों. त्यांतली कोणतीही एक काढली तरी बाकीच्यांनीं पूल धरला पाहिजे, असा हिशेब आधींच करावा लागतो. तार अमर नसते. ती बदलावी लागणार, हें पूल बांधण्याच्या दिवशींच मान्य करावं लागतं." मग थोडें थांबून म्हणाला, "हें मी पंधरा वर्षें कागदावर करतों आहें. घरीं मात्र आमची तार एकच, आणि वर कौतुकाचं वेष्टन."

ह्या शेवटच्या दोन शब्दांनीं आमची उरलेली झोंपही गेली. कारण तें वेष्टन घालणाऱ्यांत आमचा हात मोठा. ह्याच पानांत आम्हीं गृहिणीच्या सहनशीलतेवर, तिच्या हंसतमुखानें केलेल्या कष्टांवर, किती वेळां लिहिलें असेल त्याची मोजदाद नाहीं. वाचकांस तें आवडे, आम्हांसही लिहितांना धन्यता वाटे. आपल्या घरच्या माणसाला दम लागतो कीं नाहीं, हें मात्र आम्हीं विचारलें नाहीं. ज्याची स्तुति झाली त्याला तक्रार करणें जड जातें. आंत काय चाललें आहे हें मग कोणाला दिसावें?

घर आणि पूल ह्यांची तुलना फार ताणूं नये, हें आम्हांस कळतें. माणूस म्हणजे तार नव्हे. तारेला मोजणारें यंत्र लागतें; माणसाला विचारलें तर तें सांगतें, फक्त विचारणाऱ्यानें उत्तर ऐकण्यापुरतें थांबावें लागतें. परंतु एकत्र कुटुंबही एका अर्थीं यार्डावरचा पूलच आहे. म्हाताऱ्यांचीं दुखणीं, मुलांच्या शाळा, सणवार, पाहुणे, ह्यांची ये-जा खालून अहोरात्र चालू असते. ती थांबवून कोणाला 'ब्लॉक' मिळत नाहीं. म्हणूनच ओझें पुष्कळांवर वांटलेलें हवें, आणि कोणाही एकाला चार दिवस बाजूस काढतां येईल अशी सोय हवी. ती सोय नसेल तर घर मजबूत दिसत असलें तरी तें मजबूत नव्हे.

नागपुराहून परतल्यावर आम्हीं सर्वांनीं मिळून एक निश्चय केला, आणि त्यांत पहिली चूकही लगेच केली. "वहिनी, यंदा महालक्ष्म्यांत तुम्ही कांहीं करावयाचें नाहीं, नुसतें खुर्चीवर बसावयाचें," असें आम्हीं त्यांना मोठ्या प्रेमानें सांगितलें. त्यांचा चेहरा उतरला. "मग मी कशाला?" एवढेंच त्या म्हणाल्या. पुतण्याला हें फोनवर कळतांच तो म्हणाला, "काका, तार बदलतांना ती एकदम तोडीत नाहींत. ओढ हळूहळू कमी करावी लागते. पुष्कळदां एकेक पेड सोडतात, आणि शेजारच्या तारांकडे लक्ष ठेवतात." तेव्हां तसें केलें. धाकट्या सुनेनें आषाढांत लातुरास आठ दिवस राहून वहिनींच्या तोंडून सर्व कुळाचार वहींत उतरून घेतला. कोणत्या डब्यांत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या लागल्या. चुलतभावांनीं बाजारहाट आणि पंगतीचें वाढप अंगावर घेतलें. सर्व मंडळी जेवणाच्या दिवशीं सकाळीं न येतां दोन दिवस आधीं आली. पुरण वाटण्याचें काम आम्हीं मागून घेतलें.

यंदाच्या महालक्ष्म्या नुकत्याच पार पडल्या. स्वयंपाक पूर्वींसारखा झाला असें म्हणवत नाहीं. दोन भाज्या अळणी होत्या आणि पंगतीस तासभर उशीर झाला. वहिनी मधल्या खोलींत बसून होत्या. दर अर्ध्या तासानें कोणी ना कोणी जाऊन त्यांना कांहीं विचारून येई. कधीं मसाल्याचें, कधीं त्यांच्या औषधाचें. आम्ही पुरणाची वाटी घेऊन गेलों. त्यांनीं बोटानें किंचित् चाखून पाहिलें आणि म्हणाल्या, "भावजी, जायफळ विसरलांत."

आम्ही स्वयंपाकघरांत परत गेलों आणि जायफळ किसूं लागलों.